तोच सिनेमा, पण आता आपण दुसऱ्याच कोणाच्या तरी बाजूला

मॅटिनी_शो
परवा लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये 'संत तुकाराम' पाहिला. मोठ्या पडद्यावर पाहायची माझी पहिलीच वेळ. १९३६ चा सिनेमा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांनी केलेला. ज्या स्टुडिओत तो झाला तिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे अर्काइव्हमधून निघालात तर चालतच पोचाल. पण हे सगळं नंतर सुचलं. सिनेमा चालू असताना मी भलत्याच कारणाने चुळबुळत होते.

लहानपणी हा सिनेमा नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाहिला होता. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचं दूरदर्शन पुण्यात दिसायचं आणि वाड्यात टीव्ही एकच. त्या एका खोलीत तीस-चाळीस माणसं. आजी मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत होती. पागनीसांचा तुकाराम डोळे मिटून गायला लागला की सगळ्या बायका हात जोडायच्या. मीही जोडायचे. आणि ती जिजाई मला अजिबात आवडली नव्हती. नवरा एवढा देवमाणूस आणि हिला पडलीय घरातल्या दाण्यांची! आजारी पोराला घेऊन ती तरातरा देवळात जाते आणि विठोबावर वहाण उगारते, तेव्हा मी आजीच्या पदरात तोंड खुपसलं होतं. आता हिच्यावर वीज पडणार, याची खात्रीच होती.

परवा तोच प्रसंग आला आणि मी मनात म्हणत होते, हाण.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, दरवर्षी वारीला जायचे. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते, तिथून ते दिंडीबरोबर निघायचे. अठरा-वीस दिवस, बिनपगारी रजा. मागे आई, आम्ही तीन पोरं, शिवणयंत्र आणि गळकी कौलं. दादा परत आले की सगळा वाडा त्यांच्या पाया पडायचा. आईच्या पाया कोणी पडल्याचं मला आठवत नाही. दादांवर राग नाही, ते फार गोड माणूस होते. पण परवा थेटरातून बाहेर आले ते जिजाईची होऊन.

तुमचं असं कुठल्या आवडत्या सिनेमाबाबत झालंय का? पक्षांतर? नुसती नावांची यादी नको. 'माझे दहा आवडते' वाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

उकडीचा_मोदक
रुमाल टाकून ठेवतो. मीटिंगमध्ये आहे.

पेठेतला_पीजी
माझं पक्षांतर ऐकून लोक हसतील, पण सांगतो. 'अशी ही बनवाबनवी', १९८८.

मी बारावीनंतर पुण्यात आलो तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट, कॉटखाली एक ट्रंक, बाथरूमची वेळ सकाळी साडेसहा ते सहा पन्नास. दारावर पाट्या किती? अकरा. मी मोजल्या होत्या. एक पाटी तर फक्त 'वरील सूचना पुन्हा वाचा' अशी होती. त्या काळात आम्ही बनवाबनवी व्हीसीआर भाड्याने आणून पाहायचो आणि धनंजय माने आमचा देव होता. घरमालक विश्वास सरपोतदार दिसला की चौघंही शिव्या घालायचो. परदेशाहून यायच्या औषधाचे सत्तर रुपये कसे वारले, तो प्रसंग तर आम्ही मेसमध्ये करून दाखवायचो. मी धनंजय, कारण मिशी मलाच होती.

आता माझा वडगावला एक वन बीएचके आहे, तो भाड्याने देतो. अकरा महिन्यांचा करार, पोलिसांकडची भाडेकरूंची नोंद, सगळं रीतसर. गेल्या वर्षी तीन मुलं ठेवली. तीन. दोन महिन्यांनी पाण्याचं बिल बघून मी वर गेलो तर दारात चपलांचे नऊ जोड. मी विचारलं, तर एक जण शांतपणे म्हणाला, "काका, मित्र आलेत अभ्यासाला." हातात लाटणं होतं त्याच्या.

त्या रात्री टीव्हीवर बनवाबनवी लागला होता. बायको-मुलगी हसून लोळत होत्या. मी सुधीर जोशींचा चेहरा बघत होतो. त्या माणसाला मधुमेह आहे हो! औषधाला पैसे दिलेत त्याने विश्वासाने! नावच विश्वास आहे त्याचं!

सिंहगडरोड
लाटणं :)) मेलो.

आणि नऊ जणांचं काय केलंत पुढे?

पेठेतला_पीजी
काय करणार? पाटी लावली.

तिसरी_घंटा
मॅटिनीताई, छान लिहिलंय, पण थोडा वाद घालतो. तुमचं वय वाढलं म्हणून जिजाई दिसली असं नाही. ती तिथे दिसावी अशीच ठेवलेली आहे. सगळा सिनेमा तिच्या भाकरीवर उभा आहे. पागनीस वर बघून गातात, आणि कॅमेरा परत परत खाली येतो तो जिजाई झालेल्या गौरीबाईंच्या हातांकडे, म्हशीकडे, पोरांकडे. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघालेत आणि हिचं लक्ष घरच्या कामात. दिग्दर्शकांनी तुम्हाला चाळीस वर्षांपूर्वीही हेच दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा हात जोडण्यात गुंतला होतात.

दुसरं, पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले नट. तो जो मऊपणा आहे त्यांच्या तुकारामात, बसण्यात, मान कलती करण्यात, तो तिथून आला असावा असं मला नेहमी वाटतं. म्हणजे त्या घरात पुरुषासारखी कमरेला पदर खोचून उभी आहे ती जिजाईच.

अवांतर: परंपरा सांगते की जिजाई पुण्याच्या गुळव्यांची मुलगी. सावकाराच्या घरातून देहूला दुष्काळात येऊन पडलेली पुणेकर मुलगी. वहाण उगारण्यामागे हेही कारण असेल.

निवडुंग
+१ शेवटच्या वाक्याला. पुणेकर म्हणून अभिमान वाटला.

माझ्या आईला त्या सिनेमातला 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग फार आवडायचा. देवघरात रोज म्हणायची.

तिसरी_घंटा
निवडुंग, तो तुकोबांचा नाही :) शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला. इतका बेमालूम, की भल्याभल्यांना तो गाथेतलाच वाटला. चाल केशवराव भोळ्यांची. आईंना सांगू नका.

निवडुंग
आई गेली २०१९ ला. पण तिला सांगितलं असतं तरी तिने म्हणायचं थांबवलं नसतं.

तिसरी_घंटा
माफ करा. आणि बरोबर केलं असतं त्यांनी.

पायरीवरची
मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. आजवर नुसती वाचक होते.

'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. संस्कृतचे मोठे विद्वान, चक्रपाणी शास्त्री, त्यांना विस्मरणाचा आजार झालाय. मुलगी त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते, तेवढ्यात त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते उतरून त्याच्या मागे चालू लागतात. मोहन आगाशे. ते मुळात मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे त्या चेहऱ्यात कुठेही 'वेडा दाखवतो बघा' असं नाही.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे बाबा ठणठणीत होते, पर्वती चढून यायचे रोज. मी मुलीवर, इरावर, प्रचंड चिडले होते. मैत्रिणीला म्हणाले, असं कोण करतं गं? आजारी बापाला गाडीत ठेवून खरेदी?

तीन वर्षांपूर्वी सहकारनगरात एका मेडिकलसमोर मी गाडी लावली. बाबा पुढच्या सीटवर. त्यांच्याच गोळ्या आणायच्या होत्या. काच दोन बोटं खाली ठेवली, चावी काढली, म्हणाले, "बाबा, दोन मिनिटं हं." दुकानात गर्दी नव्हती. माझ्यापुढे एकच माणूस होता आणि त्याला पाचशेचे सुटे हवे होते. परत आले तर दार उघडं आणि सीटवर त्यांचा चष्मा. नीट घडी घालून ठेवलेला.

हत्ती वगैरे नव्हता. कोपऱ्यावर भेळवाला होता. बाबा त्याच्या शेजारी उभे राहून चुरमुऱ्याच्या पोत्यात हात घालून बसले होते, म्हणजे उभेच होते, पण हात आत. भेळवाला काही बोलत नव्हता. गिऱ्हाईक आलं की बाबांचा हात हळूच बाजूला करायचा, चुरमुरे घ्यायचा, आणि हात परत होता तिथे ठेवायचा.

अस्तुमध्ये माहुताची बायको त्या म्हाताऱ्याला सांभाळते, पोटच्या पोरासारखी. अमृता सुभाषला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्यांदा पाहताना मला ती बाई जरा जास्तच चांगली वाटली होती. सिनेमात असतात तशी. आता वाटत नाही.

दुसऱ्यांदा पाहायची हिंमत अजून झालेली नाही, म्हणजे नियमाने माझा प्रतिसाद बाद. मी तो मनातच परत पाहिला.

मॅटिनी_शो
बाद कसला. बाबा कसे आहेत?

पायरीवरची
आहेत. चुरमुरे घरी आणून ठेवलेत एका पातेल्यात. हात घालून बसतात.

उकडीचा_मोदक
मीटिंग संपली आणि हे वाचलं. आता दुसऱ्या मीटिंगला काय तोंड घेऊन जाऊ?

माझं साधं आहे. 'श्वास'. २००४ ला कॉलेजातून ग्रुपने गेलो होतो, 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ, म्हणून जायलाच हवं अशी हवा होती. सगळे त्या पोरासाठी रडले. आता मी डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे, आणि आता पाहिला की लक्ष फक्त डॉक्टरकडे. परशाला जो आजार दाखवलाय तो खरा आहे, दृष्टिपटलाचा कर्करोग, अगदी लहान मुलांना होतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसते, पुष्कळदा घरच्यांना पहिली शंका तिथेच येते. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, सिनेमा गेला खड्ड्यात. तर तो डॉक्टर. आजोबांना 'डोळे काढावे लागतील' हे सांगायचं, आणि बाहेर पुढचे तीस पेशंट. तेव्हा आम्हाला तो तुसडा वाटला होता. मी रोज बघतो तो चेहरा. तुसडेपणा नाही तो.

शेवटचा_बाक
धागा चांगला चाललाय, पण एक गोष्ट खटकते. बाजू बदलायची चैन सगळ्यांनाच नसते.

'फँड्री' २०१४ ला ऑफिसातल्या लोकांबरोबर मल्टिप्लेक्सला पाहिला. शेवटाकडे जब्या आणि त्याच्या घरच्यांचा डुक्कर पकडायचा जो लांबलचक प्रसंग आहे, त्यात थेटर हसत होतं. पडद्यावर गावातली पोरं हसतायत आणि इकडे पॉपकॉर्न घेऊन आमची रांग हसतेय. आणि खरं सांगतो, मीही हसलो. शेजारचे हसले की हसायचं, ही मला कॉलेजपासूनची सवय. आमच्या घरी डुकरं नव्हती. पण वडिलांना गावात कुठली कामं सांगायचे, हे मी ऑफिसात कधी बोललेलो नाही. मग शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जिथल्या तिथे ताठ उभं राहतं, आणि डुक्कर आरामात निघून जातं. तिथे माझं हसू आटलं. नंतर ते डुक्कर काठीला बांधून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई. आणि मग तो दगड. सरळ आपल्याकडे येतो, अंधार होतो. लाइट लागल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "एंड जरा ॲब्रप्ट होता ना?" मी म्हणालो, हो ना.

आता ताईंच्या प्रश्नाचं. मागच्या महिन्यात मुलाला दाखवला, तो बारा वर्षांचा. तो जब्याबरोबर होता पहिल्यापासून, मी होतो तसाच. पण या खेपेला माझी नजर त्याच्या बापावर, कचरूवर. किशोर कदम. गावाने काम सांगितलं की त्याची मान खाली जाते, खांदे पुढे येतात. हसतो पण. ते हसणं माझ्या वडिलांचं आहे, हुबेहूब. पोरगा म्हणाला, "आजोबा असेच हसतात ना फोटोत?" मी त्याला काही सांगितलं नव्हतं, बरं का.

निवडुंग
🙏

सिंहगडरोड
थोडा हलका प्रश्न. 'उंबरठा' कोणी घेतला नाही अजून? आमच्या घरी त्यावरून आजही भांडण होतं. सौ. म्हणते सुलभा बरोबर. मी म्हणतो, तिची नोकरी, तिचं सुधारगृह, सगळं मान्य, पण त्या लहान मुलीचं काय?

पायरीवरची
नवरा घरात होता ना?

मॅटिनी_शो
काका, गिरीश कर्नाड त्या मुलीचे वडीलच होते :)

सिंहगडरोड
सौ.नेही हेच सांगितलं. १९८२ पासून सांगतेय. रुमाल उचलतो.

कार्बनकाडी
उशिरा आलो. माझं नाही, वडिलांचं सांगतो.

वडील पुण्यातल्या एका एकपडदा थेटरात ऑपरेटर होते. थेटर आता नाही, नाव सांगत नाही. तेव्हा दोन मशीन असायची, कार्बनवर चालणारी. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ज्योत पेटवायची आणि कांडी जळत जाते तसं अंतर सांभाळत राहायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या. दोन हजार फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. संपायच्या आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर, पुन्हा ठिपका की बदल. प्रेक्षकाला कळता कामा नये. वडिलांचा सगळा जन्म त्या कोपऱ्याकडे बघण्यात गेला. घरी टीव्ही बघतानाही त्यांची नजर वर उजवीकडे जायची.

केबिनमध्ये मशीनची एवढी घरघर की संवाद धड ऐकू येत नाहीत. छोटा स्पीकर असतो, पण तो खरखरतो. त्यामुळे वडिलांनी हजारो सिनेमे पाहिले ते जवळपास मुकेच. एवढ्याशा काचेतून. त्यांचा आवडता 'सिंहासन'. मला लहानपणी नवल वाटायचं, कारण त्यात नुसती माणसं खोल्यांत बसून बोलतात. गाणी कमी, मारामारी नाही, रंग नाही. तुम्हाला काय आवडतं त्यात, विचारलं तर म्हणायचे, "निळूभाऊ." निळू फुले पुण्याचेच, पूर्वी लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे, वडिलांना त्याचं फार कौतुक. आणि म्हणायचे, "शेवटी काय रडलाय रे तो माणूस. तसं कोणाला रडता येणार नाही."

रिटायर झाल्यावर मी त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला आणि आवाज चढवून 'सिंहासन' लावला. पहिला अर्धा तास ते नुसतं "अच्छा, असं म्हणतो होय हा" करत होते. डॉ. लागूंचं वाक्य आलं की मांडीवर थाप. मग शेवट आला. सगळी राजकारणी मंडळी आपापल्या जागी सुखरूप, आणि निळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटलेला.

वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "हा हसतोय?"

म्हटलं, हो. पहिल्यापासून हसतोच आहे.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव. आवाज बंद कर."

मी बंद केला. आम्ही दोघांनी पाहिला. आणि आईशप्पथ, तो रडत होता.

तिसरी_घंटा
दंडवत. मी आता या धाग्यावर वाद घालणार नाही.

शेवटचा_बाक
आत्ताच आवाज बंद करून पाहिला. बरोबर आहे तुमच्या वडिलांचं.

पेठेतला_पीजी
मी बनवाबनवी आवाज बंद करून पाहिला. पार्वती तरीही पार्वतीच.

मॅटिनी_शो
सगळ्यांना उत्तरं देते सावकाश, पण आधी हे.

काल आईकडे गेले होते. ती आता ब्याऐंशी. फोनवर तिला 'संत तुकाराम' लावून दिला, वहाणेचा प्रसंग दाखवला आणि हा धागाही वाचून दाखवला, माझा भाग. गळकी कौलं, शिवणयंत्र, तुझ्या पाया कोणी पडलं नाही वगैरे. वाचताना माझाच गळा भरून आला होता. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अगं पण ते वारीला गेले की मला बरंच असायचं."

म्हटलं, म्हणजे?

म्हणे, "स्वयंपाक एका माणसाचा कमी. तुम्ही शाळेत. मी ब्लाउज लवकर संपवायचे आणि मॅटिनीला जायचे."

कोणाबरोबर?

"कोणाबरोबर कशाला? एकटी."

आम्हा तिघांनाही हे माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं म्हणे, आजीच घर सांभाळायची तेवढा वेळ. दरवर्षी आषाढात, शिलाईच्या पैशांतून, दोन तरी सिनेमे. मी इथे आयडी घेतला तेव्हा मॅटिनी हे नाव मला कुठून सुचलं देव जाणे.

मी विचारलं, कुठले पाहिलेस, आवडता कुठला? तिला एकही नाव आठवेना. खूप विचार करून म्हणाली, "बाहेर धो धो पाऊस असायचा आणि आत गळायचं नाही. आणि तीन तास कोणी हाक मारायचं नाही."

कार्बनकाडी
थेटर कुठलं होतं, विचाराल का?

मॅटिनी_शो
विचारते. आत्ता झोपली आहे.